शिडीवाला ताकासे

ताकासे गेन्ता जगात माणसांचे दोनच प्रकार मानायचा: आपल्या आडनावात शिडी काढणारे आणि न काढणारे. दुसऱ्या प्रकारच्या लोकांना तो माणसांत धरत नसे.

शिडीचं प्रकरण असं. जपानीत 'ताका' म्हणजे उंच, आणि हे एकच चित्राक्षर दोन तऱ्हांनी लिहितात. वरच्या छपराखाली लहानसा चौकोन काढला की झालं साधं. शाळेत शिकवतात ते, संगणकात असतं ते. पण काही घराण्यांत चौकोनाच्या जागी दोन उभ्या रेघा सरळ खाली नेतात आणि मधल्या आडव्या रेघांमुळे तिथं शिडी लावल्यासारखी दिसते. अर्थ तोच, उच्चारही तोच. समजूतदार माणसं 'आमचं शिडीचं बरं का' एवढं एकदा सांगतात आणि विषय सोडून देतात. ताकासे विषय सोडणाऱ्यातला नव्हता.

इसोहामा बंदराच्या फुटबॉल संघात येऊन त्याला सहा हंगाम झाले होते, आणि सहाही हंगाम हे बंदर त्याचं नाव चुकवत आलं होतं. मैदानावरच्या मोठ्या फळ्यावर चौकोन, कारण त्या यंत्रात शिडी नव्हतीच. तिकिटाच्या पाठीवर चौकोन. बंदरावरच्या एका खानावळवाल्याने हौसेने त्याच्या नावाचा भाताचा वाडगा सुरू केला, तर पाटीवर चौकोन. ताकासेने पहिल्याच दिवशी वाडगा न खाता परत पाठवला. खानावळवाल्याने आठवडाभर वाट पाहिली आणि त्याच वाडग्याला क्लबच्या शुभंकर बाहुल्याचं, म्हणजे खेकड्याचं, नाव दिलं. मग तो खपायला लागला.

सराव संपला की कुंपणापाशी सह्या घ्यायला लोक थांबत. एकदा बर्फाच्या कारखान्यातला एक कामगार पुठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने ताकासेचं नाव लिहून घेऊन आला. अक्षर बरं होतं, पण चौकोनाचं. ताकासेने त्याच्याच हातातलं पेन घेतलं, चौकोन खोडला, वर शिडी काढली आणि सही न करता पुठ्ठा परत दिला.

"आधी लिहायला शिका, मग सही मागा."

तो बिचारा कमरेत वाकून माफी मागून गेला आणि पुन्हा कधी कुंपणापाशी दिसला नाही. ताकासेला वाटलं, घरी बसून गिरवत असेल.

एवढा भाव खायला याच्याकडे होतं काय? वय चौतीस. गुडघ्यात पाणी. या हंगामात दोन गोल, त्यातला एक पाठीला चाटून गेलेला. पण दहा वर्षांपूर्वी तो देशाच्या संघातून अकरा मिनिटं खेळला होता, आणि त्या अकरा मिनिटांची हकिगत सांगायला त्याला चाळीस मिनिटं लागत. संघातली पोरं ती ऐकताना बुटांच्या नाड्या बांधत, सोडत आणि परत बांधत.

इसोहामाबद्दलचं त्याचं मत त्याने कधी लपवलं नाही. गावाला वास येतो, असं तो म्हणे. माणसंही माशांसारखीच, डोळे उघडे, आत काही नाही. अपवाद एक.

हा अपवाद गोलामागच्या प्रेक्षागृहाच्या डाव्या टोकाला, कठड्यावर लटकायचा. पांढरं जाड कापड आणि त्यावर काळ्या शाईने, रुंद कुंचल्याने काढलेली दोनच चित्राक्षरं, 'ताका' आणि 'से'. ना नंबर, ना 'लढ', ना 'जिंक'. नुसतं आडनाव, आणि शिडीसकट. शिडीही कशी, अगदी सुरेख, दोन्ही रेघा एका दमात खाली आणलेल्या. घरच्या प्रत्येक सामन्याला ते कापड तिथं असायचंच, आणि कापडामागे प्लॅस्टिकच्या रेनकोटात एक बुटकी म्हातारी उभी असायची. सुक्या मासळीच्या 'मारुया' दुकानाची मालकीण. बंदरात माणसाला दुकानाच्या नावाने हाक मारायची पद्धत, म्हणून ती सगळ्यांची मारुया आजी.

ताकासे तिच्याशी सहा वर्षांत एकदाही बोलला नव्हता. देवाने भक्ताशी बोलायचं नसतं, अशी त्याची समजूत असावी. पण नव्या खेळाडूंना तो ते कापड आवर्जून दाखवायचा.

"तीन हजार अडाणी आणि एक शहाणी," तो म्हणायचा. "मला एक पुरे आहे."

राहिला खेकडा. क्लबचा खेकडा म्हणजे कानिता: लालभडक, पुरुषभर उंच, गादीसारखा फुगलेला, स्प्रिंगवर हलणारे डोळे आणि नांग्यांचे दोन भलेमोठे आकडे. सामन्याआधी त्याच्यासोबत फोटो काढायला रांग लागे ती पार वाहनतळापर्यंत. त्याच वेळी ताकासे शेजारी उभा असला तर लोक त्याच्या हातात कॅमेरा देत.

"जरा काढता का आमचा एक? खेकडा पूर्ण येऊ द्या हं."

हे त्याच्या डोक्यात जायचं. दुसऱ्या हंगामात एकदा सामना संपल्यावर दोन्ही संघ प्रेक्षकांना वाकून नमस्कार करत मैदानाला फेरी मारत होते, तेव्हा हा खेकडा नेमका टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढे आला आणि ताकासे झाकला गेला. ताकासेने त्याच्या पार्श्वभागावर सणसणीत लाथ घातली. खेकडा उताणा पडला, आठही पाय हवेत हलवले, आणि प्रेक्षागृह हसून लोटपोट झालं. त्या दिवसापासून प्रत्येक घरच्या सामन्यानंतर लाथ ठरलेली. हसू पडणाऱ्याला होतं की पाडणाऱ्याला, हे कुणी विचारलं नाही. ताकासेने आपल्यापुरतं ते ठरवून टाकलं.

आणि खेकड्याच्या आत कोण होतं? कुणी नाही. हा त्या साऱ्या देशाचाच अलिखित नियम आहे: असल्या बाहुल्याच्या आत कुणी नसतं. विचारायचं नाही, माहीत असलं तर बोलायचं नाही. कानिता समुद्रातून येतो आणि सामना संपला की समुद्रात जातो, हे नगराध्यक्षानेसुद्धा गंभीर चेहऱ्याने सांगायचं असतं. इसोहामासारख्या मूठभर गावात आतला माणूस कोण हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या ताकासेला. त्याला कधी प्रश्नच पडला नव्हता. गादीत कापूस असतो, आणखी काय असणार?

नोव्हेंबरात खेकड्यांचा मोसम सुरू झाला आणि अध्यक्ष कुवाबारांनी ताकासेला बोलावून घेतलं. कुवाबारा म्हणजे बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याचे मालक. क्लब चालवतानाही जे बोलायचं ते थंड करून बोलायची सवय. शेजारी प्रसिद्धीचं काम बघणारी ओगिनो वही घेऊन बसली होती.

"ताकासे-सान, सहा वर्षं आपण फार कष्ट घेतलेत," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी मान झुकवली.

म्हणजे करार संपला. एवढं ताकासेलाही कळलं.

"मीच म्हणणार होतो," तो म्हणाला. "निरोपाचा समारंभ कधी ठेवताय? माइक लागेल, फुलं लागतील. आणि मैदानाला फेरी."

"ठेवू ना. शेवटच्या सामन्यानंतर. लहानसा."

"लहानसा?"

"आटोपशीर," ओगिनो म्हणाली.

ताकासेने ते कानाआड केलं, कारण त्याला हवं होतं ते वेगळंच. पुढच्या वर्षापासून क्लब एक कायमची जागा काढणार होता, 'क्लबचा चेहरा'. शाळांमध्ये जायचं, बंदरावरच्या कार्यक्रमांत बसायचं, टीव्हीवर बोलायचं, आणि वर्षभर लोकांनी आपल्याकडे बघत राहायचं. ही जागा मिळाली नाही, तर साइतामाला मेहुण्याच्या टायरच्या दुकानात गिऱ्हाइकांना चहा देत बसायचं. मेहुण्याने तसं कळवलंही होतं. पत्रावर नाव चौकोनाचं.

"त्या जागेचं काय ठरलं?" त्याने विचारलं. "म्हणजे, चेहरा आता कुणाचा हे उघडच आहे."

कुवाबारांनी छताकडे पाहिलं. "त्याबद्दल जरा विचार करून बघू."

त्या देशात 'विचार करून बघू' म्हटलं की दुधखुळं मूलही समजतं की नाही म्हणाले. ताकासेने ऐकलं ते असं: थोडा विचार करतील, मग हो म्हणतील.

"काही लोकांचं म्हणणं आहे," अध्यक्ष पुढे म्हणाले, "की कानितालाच ती जागा..."

"त्या खेकड्याला? अहो, त्याला बोलता येत नाही!"

"लोकांना तेच आवडतं म्हणे त्याचं," ओगिनो वहीत बघत म्हणाली.

ताकासे खुर्चीत पुढे सरकला. "मग माझ्या समारंभाला बघा ना. लोकांना कोण हवंय ते लोकच सांगतील."

"हे बरं बोललात," अध्यक्ष म्हणाले. त्यांना एकदम हलकं वाटलेलं दिसलं. "त्या दिवशी लोक काय म्हणतात ते बघू आणि तसंच करू. बरं, फुलं कोण देणार? घरचं कुणी येईल?"

बायको तिसऱ्याच हंगामात योकोहामाला निघून गेली होती. आत्ता कुठे तिला बरं चाललं होतं.

"घरचं नको," ताकासे म्हणाला. "मारुया आजी देईल."

अध्यक्षांनी दातांच्या फटीतून लांब श्वास आत ओढला. ओगिनोचं पेन खाली पडलं आणि ते उचलायला तिने नको इतका वेळ लावला.

"मारुया आजीच का?" अध्यक्षांनी विचारलं.

"का म्हणजे? सहा वर्षं माझं कापड लावते ती. शिडीसकट! या गावात दुसऱ्या कुणाला जमलंय ते?"

"ताकासे-सान, ते कापड म्हणजे... आता कसं सांगू..."

"ओगिनो-सान," अध्यक्ष खाकरले. ओगिनोने ओठ मिटले. "म्हाताऱ्या बाईला थंडीत कशाला त्रास? शिवाय मोसमाचे दिवस, दुकानात गर्दी. मैदानही निसरडं असतं त्या दिवसांत."

एवढी कारणं एका दमात ऐकल्यावर कुणालाही काहीतरी शिजतंय असा वास आला असता. ताकासेला आला तो जळण्याचा. ही माणसं आपल्या लोकप्रियतेवर जळतात, दुसरं काय? तो उठला, आणि जाता जाता दारात थांबून म्हणाला, "मी स्वतः जाऊन सांगतो तिला. तिलाही बरं वाटेल."

मारुयाच्या दुकानात तो काळा चष्मा लावून गेला, ओळखून गर्दी होऊ नये म्हणून. गर्दी होती, पण ती मासळीला. एका बाईने त्याला "जरा सरका हो, स्क्विड दिसत नाहीये" असं सांगून बाजूला केलं. शेवटी त्याने स्वतःच चष्मा काढला.

मारुया आजी आतल्या फळीवर मासे चिरत होती. त्याला बघून तिने सुरी खाली ठेवली आणि हात ॲप्रनला पुसले.

"अगंबाई! ताकासे-सान!"

"आजी, मी तुमच्यासाठी एक आनंदाची गोष्ट घेऊन आलोय," ताकासे म्हणाला आणि त्याने ती सांगितली. मैदानाच्या मधोमध, तीन हजार लोकांसमोर, त्याला फुलं द्यायचा मान.

म्हातारीच्या चेहऱ्यावर आनंद शोधूनही सापडेना.

"मी? नको हो. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत! लाजता कसल्या? सहा वर्षं उन्हातान्हात कापड लावताय."

"आठ," आजी म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

"आठ कशी? मी आलो सहा वर्षांपूर्वी."

"हो का? म्हातारपण, दुसरं काय. गोंधळ होतो."

ताकासेने मोठ्या मनाने माफ केलं. "पण शिडी कशी जमते हो तुम्हाला? तीही इतकी सुबक?"

"आमचंही आडनाव शिडीचंच ना," आजी म्हणाली. "पोस्टमनशिवाय कुणी घेत नाही ते नाव, पण आहे शिडीचंच."

"असं होय!" ताकासेची छाती इंचभर फुगली. म्हणजे आपलं नाव धारण करणाऱ्या घराला आपला अभिमान वाटतो तर. अगदीच स्वाभाविक. "मग काय, कुठेतरी लांबचं नातं निघेल आपलं. शिडीचे ताकासे म्हणजे साधी घराणी नाहीत."

"आम्ही आपले मासळीवाले," आजी म्हणाली.

तेवढ्यात मागच्या दारातून चाळिशीचा एक माणूस बर्फाची बादली घेऊन आला. सदऱ्यावरून कमरेला रुंद पट्टा आवळलेला. ताकासेला पाहताच तो जागीच थबकला, बादली खाली ठेवली आणि खूप खाली वाकून नमस्कार केला. वर येताना त्याचा हात आपोआप कमरेवर गेला आणि तोंड वेडंवाकडं झालं.

"माझा मुलगा," आजी म्हणाली. "कंबर गेलीय त्याची."

"खोकी उचलून होतं तसं," ताकासे म्हणाला. शरीरशास्त्रातलं आपल्याला कळतं, असं त्याचं मत होतं. "उचलताना गुडघ्यात वाकायचं."

"खोकी उचलून नाही झालं ते," आजी म्हणाली. तिचा आवाज एकदम बदलला होता.

"आई," मुलगा हळूच म्हणाला.

 आजीने सुरी उचलली, परत ठेवली. ताकासेने घड्याळाकडे पाहिलं.

"जा आई, दे फुलं," मुलगा म्हणाला. "शेवटचा दिवस आहे त्यांचा. कुणीतरी द्यायलाच हवीत ना."

हे 'कुणीतरी' ताकासेला खटकलं, पण मासळीवाल्यांच्या भाषेकडून त्याने कधी फार अपेक्षा ठेवली नव्हती.

"देते," आजी म्हणाली. "पण माझं एक मागणं आहे, ताकासे-सान. त्या दिवशी कानिताला लाथ मारू नका."

ताकासेला हसूच फुटलं. "अहो, लोकांना तेच तर आवडतं!"

"कुणाला?" आजीने विचारलं.

"बरं बरं, नाही मारत. दिला शब्द." आणि दुकानातून बाहेर पडताना त्याने विचार केला की या बायका म्हातारपणी बाहुल्यांतही जीव गुंतवतात.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी सकाळपासून आकाशातून पाणी आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं. इसोहामा दोन गोलांनी हरलं. ताकासेला शेवटची नऊ मिनिटं खेळवलं. त्यात चेंडू त्याच्याकडे दोनदा आला आणि दोन्ही वेळा गेला. तरी शिट्टी झाल्यावर एकही माणूस उठला नाही. भरलेलं प्रेक्षागृह पाहून ताकासेचे डोळे पाणावले. समारंभानंतर दारापाशी खेकड्याचं गरम सार फुकट वाटणार होते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि लोकांच्या मांडीवरचे रिकामे वाडगे त्याला इतक्या लांबून दिसत नव्हते.

मैदानाच्या मधोमध माइक हातात घेऊन तो उभा राहिला. मागे दहा पावलांवर कानिता, दोन्ही आकड्यांत 'खूप कष्ट घेतलेत' असा फलक धरून. ताकासेने भाषण सुरू केलं. अकरा मिनिटांची हकिगत आली. पूर्ण आली. लोक शांतपणे भिजत राहिले. मग त्याचा आवाज चढला.

"सहा वर्षं मी या गावात खेळलो, आणि सहा वर्षांत तुम्हाला माझं नावही नीट लिहिता आलं नाही! पण एक माणूस निघालं. एकच! ते कापड बघा. बघा आणि शिका!"

तीन हजार माना डाव्या टोकाच्या पांढऱ्या कापडाकडे वळल्या आणि लगेच खाली गेल्या, वाडग्यांकडे, बुटांकडे. ताकासेला वाटलं, लाजले. लाजलेच होते, पण त्याच्यावरून. लोकांसमोर कुणी नागडं झालं की सभ्य माणसं मान खाली घालतात, तसं.

मारुया आजी फुलं घेऊन आली. रेनकोट तोच, पायांत रबरी बूट, पण केस विंचरून बसवलेले. तिने दोन्ही हातांनी गुच्छ पुढे केला.

"खूप कष्ट घेतलेत, ताकासे-सान," ती म्हणाली, आणि ते मनापासून म्हणाली, कारण शेवटच्या दिवशी माणसाला मनापासून निरोप द्यावा, असं तिला वाटत होतं.

टाळ्या पडल्या. नेटक्या, सारख्या, हातमोज्यांतल्या टाळ्या. शाळेत मुख्याध्यापकांचं बोलणं संपल्यावर पडतात तशा. ताकासे वाट बघत राहिला की आता वाढतील. त्या विझल्या. आणि त्या शांततेत कुठलंसं पोर ओरडलं, "कानिता!"

"कानिता!" दुसरीकडून आलं. मग सगळं प्रेक्षागृह टाळ्यांच्या ठेक्यावर: "का-नि-ता! का-नि-ता!"

खेकड्याने गडबडून फलक वर केला आणि आकड्याने ताकासेकडे बोट दाखवल्यासारखं केलं, की मला नको, त्यांना. लोक त्यावरही हसले आणि आणखी जोरात ओरडले. कडेला उभे असलेले अध्यक्ष कुवाबारा प्रेक्षागृहाकडे बघत सावकाश मान डोलावत होते.

ताकासेने ते पाहिलं. जागा चालली होती. डोळ्यांदेखत, टायरच्या दुकानाच्या दिशेने सगळं चाललं होतं. लोकांना आपलं काय आवडतं? लाथ. सहा वर्षांत त्यांनी त्याला मोकळेपणाने दिलेलं तेवढं एकच हसू. म्हातारीला दिलेला शब्द त्याला आठवला, नाही असं नाही. पण म्हाताऱ्यांना दिलेले शब्द तो धरत नसे. एका हातात फुलं, दुसऱ्या हातात माइक घेऊन तो खेकड्याच्या मागे गेला आणि त्याने पाय उचलला.

"योइची! मागे बघ!"

म्हातारी किंचाळली. ती त्याच्या पाठोपाठ येऊन शेजारीच पोहोचली होती आणि माइक चालू होता. मैदानाच्या चारही कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून तिचा आवाज घुमला.

"कंबर, योइची! कंबर सांभाळ!"

खेकडा वळला.

इसोहामाच्या मैदानात असली शांतता कधी झाली नसेल. आणि मग तीन हजार लोकांनी ते केलं जे तिथं जन्मलेल्या कुणीही केलं असतं: त्यांनी काही ऐकलं नाही. कुणी आकाशाकडे बघून बर्फ थांबतोय का याची चौकशी करू लागलं, कुणी रिकाम्या वाडग्यावर फुंकर घातली. म्हातारीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. आठ वर्षांत जे ओठांवर येऊ दिलं नव्हतं, ते ती साऱ्या गावापुढे बोलून बसली होती.

ताकासे एका पायावर उभा होता. त्याची नजर कापडाकडे गेली. दोन अक्षरं. नंबर नाही, 'लढ' नाही. पोराचं नाव लिहायला बंदी, म्हणून आईने नुसतं घराचं नाव लिहिलं होतं. शिडी बरोबरच असणार, स्वतःच्या आडनावात कोण चुकतं? आठ वर्षं ती ते लटकवत आली होती, आणि त्यातली पाच वर्षं तिथंच उभं राहून, आपल्या पोराला हा कोण परका लाथा घालतो आणि गाव हसतं, ते बघत आली होती. आणि तरी आज फुलं घेऊन आली होती. कुणीतरी द्यायलाच हवीत म्हणून.

त्याला लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा, आणि अगदी कानाच्या पाळीपर्यंत. त्या गुडघ्यालाही आत्ताच दगा द्यायचा होता. पाय खाली टेकताना तो ओल्या गवतावर घसरला, आणि पडलाच असता. एक भलामोठा लाल आकडा पुढे आला आणि त्याने त्याचा दंड धरला. कापडाच्या आतून, इतक्या हळू की फक्त त्यालाच ऐकू यावं, आवाज आला, "सावकाश."

आजी तोंडावरचे हात न काढता पुटपुटली, "मी काही बोलले नाही हो. काही बोलले नाही."

आता माइक ताकासेच्या हातात होता आणि सगळं गाव बुटांकडे बघत कान टवकारून बसलं होतं. त्याने घसा साफ केला.

"काय म्हणालात आजी?" तो म्हणाला. आवाज कर्ण्यांतून गेला. "वाऱ्यामुळे मला काहीच ऐकू आलं नाही."

आधी कुणीतरी एकट्यानेच टाळी वाजवली. बर्फाच्या कारखान्यातल्या माणसांच्या रांगेतून. मग सगळ्यांनी. हातमोजे काढून वाजवत होते. खेकड्याचं नाव कुणी घेत नव्हतं. या टाळ्या ताकासेच्या होत्या, सहा वर्षांतल्या पहिल्या, आणि फार टिकल्या नाहीत, कारण दारापाशी साराची झाकणं उघडली होती आणि वास वर यायला लागला होता.

'चेहरा' खेकडाच झाला. ते अध्यक्षांनी तिथंच, सार पिता पिता सांगून टाकलं, आणि ताकासेने मान हलवली. ओगिनो त्याच्यासाठी वाडगा घेऊन आली. खेळाडूंच्या वाडग्यांवर नावाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. तिने पट्टी वाचली आणि तिचा चेहरा पडला.

"अरे देवा. परत चौकोन झाला. थांबा, बदलून आणते."

"असू दे," ताकासे म्हणाला. समोर डाव्या टोकाला मारुया आजी ओलं कापड घडी घालत होती आणि कमरेला पट्टा बांधलेला एक माणूस त्याचं दुसरं टोक धरून उभा होता. "शिडीचे ताकासे ते आहेत."

ओगिनोने काहीच ऐकलं नाही. तिने त्याच्या वाडग्यात आणखी एक पळी सार वाढलं.